'केयी' लिहिली तरी केळी मिळावी



आपण खानदेशातली माणसं 'ळ'चा 'य' करतो. डोळ्याला डोया म्हणतो, केळीला केयी. शाळेत गुरुजी ते खोडून शुद्ध करून देतात. पण मोबाईलवरच्या शोधयंत्रानं काय करावं?

चौकटीत दोन अक्षरं घातली न घातली तोच खाली पुरी वाक्यं उभी राहतात, हे आपण रोज पाहतो. गूगलनं ही सोय २००४ साली प्रयोग म्हणून आणली. त्यात मनकवडेपणा काही नाही, बरं का! आधी लोकांनी काय काय शोधलं त्याची यादी यंत्रापाशी असते, आणि ती झाडासारखी रचलेली असते. 'क' ही फांदी, 'कर' ही डहाळी. तिच्यावर करपा, करवंद, करसवलत ही पानं. आधी कोणतं दाखवायचं? सोपा नियम असा, की ज्याची विचारणा जास्त ते वर. घोटाळा होतो तो इथंच. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याच्या मनात केळीचा करपा असतो, आणि साऱ्या देशाच्या मोजणीत तो तळाशी जाऊ शकतो.

हे नुसतं गैरसोयीचं नाही. करपा बुरशीचा, त्यावर फवारणी चालते. हरण्या विषाणूचा, त्याला औषध नाही, रोगट झाड उपटून नष्टच करावं लागतं. घाईत भलत्या सूचनेवर बोट पडलं, तर फवारणीचा पैसा तर जातोच, पण तेवढ्या दिवसांत मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो.

म्हणून सूचना देताना विचारणाऱ्याचं ठिकाण, हंगाम आणि अलीकडची विचारणा यांनाही वजन द्यावं लागतं. आंबा आणि आम्बा एकच धरावे लागतात. मग 'य'च्या जागी सरसकट 'ळ' घालावा का? तसंही नाही. 'काया' लिहिणाऱ्याला काळा रंग हवा असेल, नाहीतर देह! दोन्ही दाखवावं, निवड त्याची.

सूचना सुधारल्या की नाही हे तपासण्याची रीत शिक्षकांना आवडेल. हवी ती सूचना पहिली आली तर एक गुण, दुसरी आली तर अर्धा, तिसरी आली तर एक तृतीयांश. मग साऱ्यांची सरासरी. मात्र पुष्कळ लोक पहिलीवर बोट ठेवतात ते ती पहिली आहे म्हणूनच. यंत्र त्यालाच पसंती समजलं, तर चुकीची सूचनाही वरच बसून राहते. त्यामुळं अधूनमधून क्रम बदलून पाहावा लागतो.

गुरुजी, बाई, एका तासाला हे वर्गात करून पाहा. धुळ्याकडं ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात, त्या मुलांना घरचे दहा शब्द जसे बोलतात तसेच लिहायला सांगा. मग प्रत्येक शब्द चौकटीत घालून हवी ती सूचना कितवी आली ते फळ्यावर मांडा, आणि गुण मुलांनाच काढू द्या.