चहामळ्यांतील माणसे आणि नागरिकत्वाचा कायदा



‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला इथे चार-पाच पिढ्या काढल्यावरही विचारला जातो. आपण हौसेने कोकणातल्या किंवा देशावरच्या गावाचे नाव सांगतो. त्या उत्तरावर आपले काही अडत नाही, म्हणून ही हौस परवडते. शेजारच्या श्रीलंकेत याच प्रश्नापायी लाखो माणसांचा मताधिकार गेला. त्यांची हकीकत आज मांडायची आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी आधी कॉफीसाठी आणि कॉफीवर रोग पडल्यावर चहासाठी तमिळ मजूर सिलोनच्या डोंगरात नेले. भरती करणाऱ्या मुकादमाला कंगाणी म्हणत. तो वाटखर्च आगाऊ देई आणि त्या कर्जातच मजुरी सुरू होई. मळ्यातल्याच चाळवजा खोल्यांत मुले जन्मत आणि वयात आली की पाने खुडू लागत. १९४७ च्या निवडणुकीत या लोकांनी मतदान केले आणि त्यांच्या सिलोन इंडियन काँग्रेसचे काही उमेदवार निवडून आले.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. मजकुरात कोणत्याही जमातीचे नाव नव्हते. परंतु स्वतःचा जन्म सिलोनमधला असून भागत नव्हते. वडील तिथे जन्मल्याचे, नाहीतर आजोबा आणि पणजोबा दोघेही तिथे जन्मल्याचे सिद्ध करावे लागे. मळ्यातल्या मजुराने पणजोबांचा जन्मदाखला आणायचा कुठून? सिंहली शेतकऱ्याकडेही तो बहुधा नसे, पण त्याला तो कोणी मागत नसे. सुमारे ७ लाख माणसे नागरिकत्वाला मुकली, आणि १९४९ च्या दुरुस्तीने मतदारयाद्यांतूनही गेली.

सिंहली समाजाची बाजूही ऐकली पाहिजे. डोंगराळ भागातली जमीन मळ्यांखाली गेली होती, आता तिथले मतदारसंघही जातील ही भीती होती. जमीन गेल्याचे दुःख खरे होते. पण ती घेतली सरकारने आणि मळेवाल्यांनी. मजुराच्या नावावर तर राहती खोलीसुद्धा नव्हती.

१९४९ मध्येच भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांसाठी वेगळा कायदा झाला. विवाहितांना १ जानेवारी १९४६ पूर्वीचे ७ वर्षांचे आणि अविवाहितांना १० वर्षांचे अखंड वास्तव्य दाखवायचे होते. सुमारे सव्वाआठ लाख लोकांसाठी अर्ज झाले. नागरिकत्व मिळाले ते सुमारे १ लाख ३४ हजारांना. भारताची भूमिका अशी, की पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली ही माणसे सिलोनचीच आहेत. सिलोन म्हणे, भारताची. माणसे होती तिथेच राहिली, फक्त कोणत्याच देशाची उरली नाहीत.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला. ९ लाख ७५ हजारांपैकी ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, आणि उरलेल्या दीड लाखांचे पुढे बघू! १९७४ मध्ये तेही निम्मेनिम्मे वाटून घेण्याचे ठरले. ज्यांची ही वाटणी चालली होती त्यांना कोणी विचारले नाही. कित्येक कुटुंबे तलैमन्नारहून बोटीने रामेश्वरला उतरली. ज्या देशात ‘परतली’, तो त्यांच्यातल्या अनेकांनी कधी पाहिलाच नव्हता. निलगिरीत त्यांच्यासाठी पुन्हा चहाचेच मळे उभे राहिले. १९८४ मध्ये यादवीमुळे बोट बंद झाली आणि बाकीचे अडकले.

अखेर २००३ मध्ये श्रीलंकेच्या संसदेने सोपा निकष स्वीकारला. भारतीय वंशाची जी व्यक्ती ३० ऑक्टोबर १९६४ पासून देशात कायम राहते ती, आणि तिची संतती, नागरिकत्वाला पात्र. पणजोबांचा दाखला नको. हा निकष १९४८ मध्येही लावता आला असता, मधली ५५ वर्षे वाचली असती.

आपल्याकडे काय झाले तेही आठवू या. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर ही संस्थाने भारतात विलीन झाली, तेव्हा तिथल्या मराठी घरांना कोणी वंशावळ मागितली नाही. राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने अधिवास पाहिला आणि त्याला जोड म्हणून भारतातला जन्म, आई किंवा वडील यांपैकी एकाचा जन्म, नाहीतर ५ वर्षांचे वास्तव्य यांपैकी काहीही एक पुरेसे मानले. आपण निर्धास्त राहिलो, त्यात आपल्या कर्तबगारीपेक्षा त्या कलमाच्या उदारपणाचा वाटा मोठा आहे.

उद्या कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. परंतु काल आलेल्या माणसाला, तो आला तेव्हा नसलेला नियम लावणे वेगळे. ज्या कागदाची गरज पडेल असे कोणी सांगितले नव्हते, तो त्याने जपला नाही हा गुन्हा होऊ शकत नाही. त्याचे घर, त्याचे श्रम, त्याची तिथे वाढलेली मुले हाच त्याचा पुरावा मानला पाहिजे. कुठल्याही देशात असा कायदा येऊ घातला, की नव्याने येणाऱ्यांचे काय होईल एवढेच न विचारता, आधीच आलेल्यांकडून तो काय मागतो हेही विचारावे, एवढीच माझी विनंती.