पुरुषांच्या आत्महत्या आणि बातमीतून निसटणारा माणूस

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, म्हणजे दर दहांमागे सात. सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. मृत पुरुषांमध्ये सर्वांत मोठा वर्ग रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. कौटुंबिक समस्या आणि आजारपण ही नोंदलेली प्रमुख कारणं.

बातमीत मात्र हा माणूस ‘कर्जबाजारी शेतकरी’ किंवा ‘बेरोजगार तरुण’ म्हणून येतो. कर्ज आणि नापिकी खरीच आहेत, त्यांवर लिहायलाच हवं. पण महिनोन्‌महिने उडालेली झोप, वाढलेलं पिणं, घरात कमी होत गेलेलं बोलणं यांचा उल्लेख क्वचितच होतो. मदत वेळेत पोचवायची तर हीच लक्षणं लोकांना ठाऊक असायला हवीत.

‘बायकांसारखा रडतोस काय?’ हे मुलगा लहानपणापासून ऐकतो. पुढे पारावर पाऊसपाणी, बाजारभाव, राजकारण सगळं निघतं. स्वतःच्या मनाचं काही निघत नाही. घर चालवणं हीच पुरुषाची किंमत ठरली, की कमाई थांबताच आधार मागण्याचीही लाज वाटते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येतं.