लढाईच्या पत्रांतील भाषा

युद्धाचें खरें रूप पाहावयाचें असेल, तर बखरींतील वर्णनांपेक्षां त्या काळचीं पत्रें वाचावीं. जुन्या मराठी पत्राचा मायना ठरलेला असे: इकडील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावें. मजकूर लढाईचा असला, तरी आरंभ कुशलप्रश्नानेंच होई.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. सदाशिवरावभाऊंनीं उत्तरेच्या मोहिमेंतून गोविंदपंत बुंदेल्यांस पाठविलेलीं पत्रें त्यांत आहेत. वीररसाच्या अपेक्षेनें तीं उघडणाराचा विरस होतो. भाऊ पैका मागतात, रसद मागतात, अब्दालीच्या पिछाडीस धामधूम करून त्याचा दाणा तोडावा असें बजावतात. सेनापतीची भाषा येथें कारभाऱ्याची झाली आहे. कारण उपाशी फौजेपुढें शौर्याचे शब्द चालत नाहींत. डिसेंबर १७६० मध्यें गोविंदपंत मारले गेले आणि ती आशाही खुंटली.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतचा संग्राम झाला. नानासाहेब पेशवे मदतीस उत्तरेकडे निघालेले होते. वाटेंत त्यांच्या हातीं लागलें तें एका सावकारी पेढीचें पत्र. दोन मोती गळाले, २७ मोहरा गेल्या, रुपये व तांबें किती गेलें याची गणती नाहीं, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. पेढीस बातमी तर हवी, परंतु ती वाटेंत फुटावयास नको, म्हणून मरणाला नाण्यांचा वेष चढविला गेला. पेशव्यांस मात्र त्यांतील अर्थ तत्काळ उमगला. त्याच वर्षीं २३ जून रोजीं पुण्यास पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

या सांकेतिक भाषेंत दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली अशी कीं, मृत्यु हा शब्द तींत कोठेंच नाहीं. भाऊंच्या मृत्यूविषयीं पुढें संशयच राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या, पण वैधव्य त्यांनीं पत्करलें नाहीं. भाऊंचें नांव घेऊन उभा राहिलेल्या तोतयास १७७६ सालीं देहदंड द्यावा लागला. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. मोती मोजले गेले, मोहरा मोजल्या गेल्या; तांब्याचा खुर्दा तेवढा गणतीबाहेर राहिला. भीमथडीच्या तट्टांवर बसून गेलेले शिलेदार, बारगीर आणि त्यांच्यामागचे बुणगे, हाच तो खुर्दा. त्यांच्याही घरीं कोणी तरी कुशलाची वाट पाहत होतें.

सरदारांचीं पत्रें छापून निघालीं. परंतु जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांचीं गांठोडीं अद्याप पडून आहेत, आणि मोडी वाचणारे विरळ होत चालले आहेत. तीं गांठोडीं रद्दींत जाण्यापूर्वीं एकवार सोडून पाहावींत. गणतीबाहेर राहिलेल्यांपैकीं एखाद्याचें नांव त्यांत अजून असूं शकेल.