रान पाहावे कोरड्या महिन्यात
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कृषी महाविद्यालयातला माझा एक सोबती अमेरिकेत असतो. त्याने विचारले, "कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला समुद्रकाठी हम्बोल्ट काउंटी आहे. तिथे चार एकर घ्यावे, स्वतःपुरते पिकवावे, संकट आले तरी चूल पेटती राहावी, असे मनात आहे. तू कोरडवाहूतला माणूस, पारखून सांग." काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा.

पहिला प्रश्न पाण्याचा. तिथल्या युरेका गावी वर्षाला सुमारे १००० मिलिमीटर पाऊस. ऐकून हेवा वाटेल! पण तो बहुतेक पडतो ऑक्टोबर ते एप्रिल. आपला पावसाळा तोच त्यांचा कोरडा काळ. साठवण नसेल तर पीक वाढायच्या वेळी घागर रिकामी.

दुसरा उबेचा. समुद्राच्या धुक्याने काठावर जुलैतही दुपारचे तापमान १७ अंशांच्या आसपास. तिथे ज्वारीचा दाणा भरायचा नाही, कपाशीचे बोंड फुटायचे नाही. बटाटा, कोबी, चारा चालतो. ईल नदीच्या गाळाच्या रानात दुधाचा धंदा जुना आहे.

तिसरा वाईट दिवसाचा. डिसेंबर १९६४ मध्ये याच ईल नदीच्या पुराने रस्ते आणि पूल नेले, हेलिकॉप्टरने रसद टाकावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्कातल्या भूकंपाची लाट शेजारच्या काउंटीत क्रेसेंट सिटीवर आली, माणसे बुडाली. २० डिसेंबर २०२२ ला ६.४ चा भूकंप झाला. वीज गेली, रिओ डेल गावात पाण्याचे नळ फुटले. म्हणजे गाळाची जमीन पिकाला उत्तम, घराला नव्हे.

चौथा प्रश्न रोकडीचा. इथे कान द्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शहरातली शिकलेली पोरे तिथल्या डोंगरात स्वावलंबी शेतीसाठी आली. भाजी पिकली, पण कर, डिझेल, दवाखाना भाजीवर भागेना. मग चोरून गांजा लावला. पैसा आला, तसे एकाच पिकावर सारे विसंबले. २०१६ च्या मतदानाने राज्यात गांजा कायदेशीर झाला, मोठे मळे उभे राहिले आणि २०२१ पासून भाव कोसळला. कोणाच्या हुकमाखाली राहायचे नाही म्हणून आलेली माणसे बाजारभावाच्या हुकमाखाली गेली. कापूसवाल्यांना हे दुखणे मी काय सांगू?

सोबत्याला मी लिहिले : सप्टेंबरात जा आणि झरा वाहतो का ते बघ. पुराच्या खुणेच्या वर, धुक्याच्या पट्ट्याच्या आत घर बांध. महिनाभराचे धान्य-पाणी घरात ठेव. आणि रोकड एका पिकावर टांगू नकोस.

भावांनो, हिरव्या रानाला भुलून सौदा करू नये, आणि आपल्या रानाला कोरडे म्हणून हिणवूही नये. पाणी, ऊब, वाईट दिवस आणि रोकड. घरी गेल्यावर हेच चार प्रश्न आपल्या शिवाराला विचारा. उत्तरे पुढच्या बैठकीत घेऊन या.