तेच हवं, पण तेच नको
(गोदाघाटावरच्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या व्हिडिओ गेमचा नवा अवतार’. मघाशी घाटाच्या पायऱ्या उतरताना दोन गृहस्थ माझ्यापुढे चालले होते. एकाने विचारलं, “आज काय आहे?” दुसरे म्हणाले, “मोबाइलच्या व्यसनावर आहे काहीतरी.” (हशा) आलेत का ते? आलेत. बसा, बसा. व्यसनाविरुद्ध बोलणारे पुष्कळ मिळतील, मी आज व्यसनी माणसाच्या बाजूने उभा आहे.

हा विषय या पटांगणाला शोभेल का, असं मला फोनवर विचारण्यात आलं होतं. कुणी विचारलं ते सांगत नाही, ते समोरच बसलेत. (हशा) मी म्हटलं, सिनेमा तरी कुठे शोभत होता? आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एक बाई मिळेना. शेवटी साळुंके नावाच्या गृहस्थांना लुगडं नेसून उभं राहावं लागलं. आज पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्याच फाळक्यांचं स्मारक आहे. तेव्हा शोभतं की नाही, ते शंभर वर्षांनी ठरवू. (टाळ्या)

तर खेळ. १९९७ च्या जानेवारीत जपानमधल्या स्क्वेअर या कंपनीने ‘फायनल फॅन्टसी सेव्हन’ बाजारात आणला. प्लेस्टेशनवर, तीन सीडींमध्ये. मागे कठड्याला टेकून उभी असलेली तरुण मंडळी माना डोलावताहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एका दमात सांगतो. यात आपण एका पात्राचं सोंग घेऊन चाळीसेक तास वावरतो. क्लाउड नावाचा भाडोत्री लढवय्या. मिडगार नावाचं शहर, वर श्रीमंतांसाठी लोखंडी छत आणि त्याच्या सावलीत खाली झोपडपट्ट्या. शिन्रा नावाची कंपनी ग्रहाच्या पोटातलं चैतन्य उपसून वीज बनवते आणि क्लाउडची टोळी तिचं वीजकेंद्र उडवायला निघते. म्हणजे खलनायक कोण, तर वीज कंपनी. (हशा) एकलहऱ्याच्या वीजकेंद्राकडे बघू नका, शहर काल्पनिक आहे. पुढे कंपनीहून भयंकर शत्रू येतो, सेफिरॉथ नावाचा तलवारबहाद्दर. तो कोण, कुठला, हे तुम्हाला माहीत आहे असं समजून मी पुढे जातो. माहीत नसेल तर शेजारच्या पोराला विचारा, तो रात्रभर सांगेल.

एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. एअरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी या टोळीत असते. तुम्ही तिला बरोबर घेऊन फिरता, तिच्यासाठी शस्त्रं विकत घेता, तिची ताकद वाढवता. आणि पहिली सीडी संपता संपता सेफिरॉथ तिच्या पाठीत तलवार खुपसतो. ती मरते. अजून दोन सीडी बाकी असतात, त्यांत ती परत येत नाही. तिला जिवंत करायची काहीतरी गुप्त युक्ती असणारच, या आशेवर जगभरची पोरं वर्षानुवर्षं तो खेळ धुंडाळत राहिली. युक्ती नव्हती.

आता नवा अवतार. २०१५ साली घोषणा झाली आणि १० एप्रिल २०२० ला पहिला भाग आला. आपण सगळे दार लावून घरात बसलो होतो तेव्हा. त्यात फक्त मिडगार शहर. जुन्या खेळात ते पाच-सहा तासांत मागे पडायचं, इथे तीस-पस्तीस तास तुम्ही त्यातून बाहेरच पडत नाही. झालं! पैसे पूर्ण घेता आणि गोष्ट अर्धीच सांगता, म्हणून बोंब झाली. अर्धी कसली, तिसरा हिस्सा.

मला हसू आलं. मित्रहो, ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ लावलं तेव्हा कालिदासाच्या सात अंकांपैकी चारच अंक केले होते. पुढचे नंतर. शाकुंतल काय, लोकांना गोष्ट पाठ होती, आणि तरी संगीत रंगभूमीचा जन्म आपण त्या तारखेला मानतो. अर्ध्याच नाटकापासून! तेव्हा तुकड्यातुकड्याने देण्याबद्दल माझी तक्रार नाही. देणाऱ्याकडे द्यायला काही असलं पाहिजे.

आणि इथे मी माझ्या आवडत्या मुद्द्यावर येतो. अध्यक्ष हसताहेत, कारण विषय कुठलाही दिला तरी मी नाट्यसंगीतावर येतो हे त्यांना माहीत आहे. (हशा) माझं म्हणणं असं, की जुन्या कलाकृतीचा नवा अवतार कसा असावा हे मराठी प्रेक्षकाला कुणी शिकवायची गरज नाही. त्याने ते वन्समोअर देऊन देऊन शिकून घेतलंय.

माझे मामा पंचवटीत राहायचे. गोळे मास्तरांच्या, नाही, नावं नकोत, एका गाणाऱ्या मास्तरांच्या संगतीत त्यांची जवानी गेली. गावात संगीत नाटक आलं की मामा मला घेऊन जायचे. मी लहान, मला झोप यायची. मामांची जागा ठरलेली, ऑर्गनच्या बाजूला तिसरी रांग, कारण तिथून वादकाची बोटं दिसतात. खिशात अडकित्ता. पद सुरू झालं की डोळे मिटायचे, संपलं की डोळे न उघडता ‘वन्समोअर!’ एकदा ‘सौभद्र’ होतं. सुभद्रेचं काम करणारी मुलगी तयारीची होती. मामांनी वन्समोअर दिला, तिने पुन्हा म्हटलं. मामांनी डोळे उघडले. मला वाटलं, खूश झाले. त्यांनी अडकित्ता खिशात घातला, मला उठवलं आणि थेट बाहेर चहाच्या गाडीवर नेलं. म्हणाले, “अरे, तीच तान, तिथेच, तेवढीच! तेच ऐकायचं तर मी घरी तबकडी नसती लावली?” मग त्या चहावाल्याने, तोही नाटकवेडा, मामांशी वाद घातला की पोरीने नियम पाळला, घराण्याचा मान राखला. मामा म्हणाले, मान राखला आणि गाणं मारलं. दोघांचं एवढं जुंपलं, की तिसरी घंटा झाली, पडदा गेला, अर्जुन आला, आणि आम्ही बाहेरच. पुढे त्या चहावाल्याच्या मुलीच्या लग्नात मामांनी... जाऊ द्या, ते फार लांबेल. (“सांगा, सांगा!”) नाही, कार्यवाह घड्याळ बघताहेत.

तर वन्समोअर देणारा रसिक ‘तेच पुन्हा’ म्हणतो, आणि तेच पुन्हा दिलं तर उठून जातो. पूर्ण बदलून दिलं तरी उठून जातो! पद ओळखीचं राहिलं पाहिजे आणि आपल्याला ते येतं हे गायकाला ठाऊक आहे, असंही वाटलं पाहिजे. आपल्याला पुढची जागा माहीत असते, तो ती पुढे ढकलतो, हुलकावणी देतो, आणि मग समेवर आणून सोडतो.

या तराजूत २०२० चा खेळ मी तोलला आणि तो उतरला. नोबुओ उएमात्सूंचं जुनं संगीत तिथे आहे, पण ओळखीची चाल लगेच हातात देत नाहीत. लांबून एक तुकडा येतो, विरतो, दुसऱ्याच वाद्यावर परत येतो. लढाईचं पाहा. जुन्या खेळात पट्टी भरेपर्यंत थांबायचं आणि मग हुकूम द्यायचा. आता क्लाउड तुमच्या बोटांवर धावतो, पण मोठा वार करायचा तर पट्टी भरावीच लागते, आणि हुकूम निवडताना सगळं जग मंदावतं. जुनी बैठक ठेवून लय वाढवलीय.

पण खरी करामत पुढे आहे. या खेळात काळपट झगे घातलेली भुतं आणलीत. जुन्या गोष्टीत नसलेलं काही घडायला लागलं की ती झुंडीने येतात आणि गोष्ट ओढून पुन्हा जुन्या रुळावर बसवतात. कुणी वेळेआधी मरत असेल तर मरू देत नाहीत. ही भुतं कोण? तुम्ही आणि मी! मूळ गोष्टीला हात लावाल तर खबरदार, म्हणणारे चाहते. (टाळ्या) आणि खेळाच्या शेवटी तुम्हालाच त्या भुतांशी लढायला लावलंय. मूळचीच माणसं या नव्या खेळाच्या मागे आहेत. १९९७ साली पात्रं रेखाटणारे तेत्सुया नोमुरा इथे दिग्दर्शक आहेत. तेवीस वर्षांनी परत आलेल्या माणसाने स्वतःच्या रसिकांची एवढी प्रेमळ टर उडवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

दोष आहेत. तीस तास भरायचे म्हणून कुणाची हरवलेली मांजरं शोधून आणायला लावतात. जगाचा नाश व्हायला आलाय आणि आपण मांजरं शोधतोय. भिंतींच्या फटींतून अंग चोरून इतक्या वेळा जावं लागतं, की आपल्या भद्रकालीच्या बोळांत वाढलेल्या माणसालाही कंटाळा यावा. (हशा)

नव्या अवतारांना मी एवढा वकील कसा मिळालो, असं कुणाला वाटेल. पण तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात उभं राहून दुसरं काय म्हणणार? ‘नटसम्राट’वर लिअरची सावली आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, आणि म्हणून बेलवलकर उणा झाला नाही. आणि फाळके! मघाशी म्हटलं ना, हरिश्चंद्र १९१३ चा. त्यानंतर फाळके मुंबई सोडून नाशकात आले, आणि १९१७ साली त्यांनी तोच विषय पुन्हा काढला. स्वतःच्याच चित्रपटाचा नवा अवतार. यातली गंमत अशी, की आज हरिश्चंद्राची जी थोडी रिळं उरली आहेत, ती १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असं काही अभ्यासकांचं ठाम मत आहे. ते खरं असेल तर आपण ज्याला मूळ म्हणून नमस्कार करतो तो नवा अवतार आहे, आणि मूळ गेलं. नायट्रेटची फिल्म, पेट घेणारी, विरणारी... चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’ असं लिहून खोडून ‘पाच’ केलंय. (हशा)

मग फाळके सोडतो आणि भांडणाच्या जागी येतो. दुसरा भाग, ‘रीबर्थ’, २९ फेब्रुवारी २०२४ ला आला. दिसायला पहिल्यापेक्षा देखणा, मोकळी रानं, समुद्र. आणि शेवटी एअरिथच्या मरणाची तीच जागा, ज्यासाठी सगळे श्वास रोखून बसले होते. सेफिरॉथ वरून येतो, क्लाउड तलवार आडवी घालतो, वार चुकल्यासारखा दिसतो. पुढच्या क्षणी रक्त दिसतं. बाकीचे रडताहेत, आणि क्लाउड मात्र ती जिवंत असल्यासारखा तिच्याशी बोलतोय. मेली का? मेली आणि नाही.

माझ्या मते इथे त्यांचा धीर सुटला. हरिश्चंद्राच्या गोष्टीत शेवटी विश्वामित्र रोहिदासाला परत देतो, राज्य परत देतो. ती त्या गोष्टीची रीत. एअरिथला परत देणारा विश्वामित्र नव्हता, म्हणून तर १९९७ चा खेळ लोकांच्या...

(मागून एक तरुणी: “सर, ते क्लाउडच्या डोक्यात चाललंय! तो दुःख मान्यच करत नाहीये!”)

असेल. नाही, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. मीही तो प्रसंग पुन्हा पाहिला, तेव्हा मलाही... पण मग प्रेक्षकाला का फसवता? क्लाउडला भ्रम होऊ द्या, मला का? (तरुणी: “कारण तुम्ही क्लाउड आहात ना खेळात!”) (प्रचंड टाळ्या) बघा, टाळ्या त्यांना मिळाल्या. पुढच्या वर्षी समितीने यांना बोलवावं. तरी मी माझ्या मतावर आहे. समेवर यायच्या जागी त्यांनी हुलकावणी दिली आणि समेवर आलेच नाहीत. तिसरा भाग यायचाय, त्यात आले तर मी शब्द मागे घेईन.

दिवा लुकलुकवताहेत, म्हणजे थांबायलाच हवं. फाळक्यांचं १९१३ चं चित्र पुरतं बघायची सोय आपल्याला राहिली नाही. या खेळाचं तसं नाही. १९९७ चा मूळ खेळ आजही विकत मिळतो, मोबाइलवरसुद्धा चालतो. चेहरे ठोकळ्यांसारखे दिसतील, हात लाकडी वाटतील, हरकत नाही. ज्येष्ठांनी नातवंडांकडून शिकून घ्यावा, आणि मागे उभ्या असलेल्या मंडळींपैकी ज्यांनी फक्त नवाच खेळलाय त्यांनीही आधी तो पुरा करावा. नव्यावर चिडायचं की वन्समोअर द्यायचा, हे मग ठरवा.