मातीची भिंत आणि आईचा प्रश्न

मी त्सुफेनहाउझेनहून बोलतोय. सुट्टीच्या दिवशी आपण ज्या तळ्याकाठी डबा उघडून बसतो, त्या तळ्याचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीबद्दल आज बोलूया.

गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. एका रविवारी सगळे मिळून श्टुटगार्टच्या जंगलातल्या बेरेनझे तळ्यावर गेलो. तिथली तीन तळी नैसर्गिक वाटतात, पण ती माणसांनी केलेली आहेत. सोळाव्या शतकात ड्यूक क्रिस्टोफने शहरातल्या पाणचक्क्यांसाठी इकडून पाणी वळवलं, आणि पुढे बांध घालत एकेक तळं होत गेलं. मुलांनी बांधाखालच्या सावलीत चटई अंथरली. आई मात्र उभीच राहिली.

"ही भिंत मातीची आहे का रे?"

"हो."

"मग वर बसू."

आई १९६१ साली आठ वर्षांची होती, राहायला नारायण पेठेत. १२ जुलैच्या सकाळी पानशेत फुटलं. धरण मातीचं होतं आणि काम अजून पुरं व्हायचं होतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी साठलं. पाणी सोडण्याच्या मोरीपाशी भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेलं आणि त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही. आजोबांनी मुलांना घेऊन पर्वती गाठली. घरी परतले तेव्हा माजघरात गुडघाभर चिखल होता.

तेव्हा आईची भीती उगाच नव्हती. पण मातीचं धरण म्हणजे कच्चं धरण, असंही नाही. नीट दाबलेला भराव, मध्ये चिकणमातीचा गाभा, झिरपलेलं पाणी माती न नेता बाहेर काढणारा वाळूचा थर, आणि जादा पाण्यासाठी सांडवा, एवढं असेल तर ते शतकानुशतकं उभं राहतं. त्याचे मुख्य शत्रू दोन. एक, पाणी माथ्यावरून वाहणं, कारण वाहतं पाणी मागचा उतार कापत जातं. दुसरा, पाणी आतून वाट काढणं. सुरुवात बोटभर भोकापासून होते. पाण्याबरोबर माती वाहते, भोक मोठं होतं, आणि मग काही तासांत सगळं संपतं.

पहिला शत्रू जर्मनीत २०२१ साली दिसला. इथून गाडीने साधारण चार तासांवर, ऑयस्किर्शनजवळ श्टाइनबाखचं छोटं धरण आहे. १९३० च्या दशकात कारखान्यांच्या पाण्यासाठी बांधलेलं, पुढे लोकांच्या फिरण्या-पोहण्याची जागा झालेलं. १४ जुलैच्या रात्री पाणी माथ्यावरून गेलं आणि मागच्या उतारावर मोठमोठ्या घळी पडल्या. तळाची मोरी गाळाने बंद होती. खालच्या गावांतून हजारो लोकांना हलवलं. मग तिथल्याच एका ठेकेदाराने जीव धोक्यात घालून धरणाच्या पायथ्याशी पोकलेन नेला आणि मोरी मोकळी केली. पाणी उतरलं, भिंत टिकली. त्या पुरात जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली, पण हे धरण फुटलं नाही. नंतर पुन्हा पाणी साठू नये म्हणून भिंतीत मुद्दाम खाच कापली.

आता आपल्या कोकणात या. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण, तेही मातीचं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. गळती होतेय, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला. प्राणी भरावात बिळं करतात हे खरंच आहे, इथेही बांधांवर त्यांच्यावर नजर ठेवतात. पण बीळ दिसलं की बुजवायला माणूस लागतो, आणि गावाने सांगितलेलं ऐकायलाही माणूस लागतो.

आमच्या आयटीच्या कामात हेच रोज दिसतं. यंत्रणा कोसळण्याआधी कुठेतरी छोटी सूचना आलेली असते. ती कोणी वाचली आणि वाचून काय केलं, एवढाच प्रश्न उरतो.

भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा आला. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक झाली. पण तो कायदा मुख्यतः पंधरा मीटरहून उंच धरणांसाठी आहे. दहा ते पंधरा मीटरची काही ठरावीक धरणंही त्यात येतात. गावोगावचे लहान बांध बाहेरच राहतात, आणि लोक सहलीला जातात ते बरेचदा तिथेच.

म्हणून पुढच्या वेळी तळ्यावर जाल, इथे किंवा गावी, तेव्हा पाच मिनिटं भिंतीकडे बघा. उतारावर मोठी झाडं वाढली आहेत का? झाड मेलं की मुळांच्या जागी पोकळी राहते. माथा कुठे खचलाय, चीर पडलीय का? सांडव्यात फांद्या, कचरा अडकलाय का? आणि पायथ्याशी झिरपणारं पाणी कसं आहे? थोडं नितळ पाणी बहुतेक धरणांतून येतंच. ते अचानक वाढलं किंवा गढूळ झालं, तर माती वाहतेय असं समजा आणि लगेच कळवा. इथे ११२ ला, गावी तहसील कचेरीत आणि पाटबंधारे खात्यात, शक्यतो फोटोसह.

त्या रविवारी आम्ही वरच बसलो. जेवण झाल्यावर आईने नातवंडांना हाताशी धरलं आणि बांधाचा पायथा फिरून पाहिला. परत येऊन म्हणाली, "कोरडा आहे. गवतही कापलेलं आहे. कोणीतरी बघतंय इथे."

तुमच्या गावच्या तळ्याकडे कोण बघतंय, हे यंदा पावसाळ्याआधी घरी फोन करून जरूर विचारा. नमस्कार!