विधवेच्या दोन टोल्या

रविवारीं सकाळीं वाशी-नेरूळकडील ख्रिस्ती देवालयांत उपासना रंगांत आली कीं दानाची थैली रांगेरांगेंतून फिरूं लागते. वसई, गोवा, नगर, केरळ अशा नाना ठिकाणांहून आलेलीं कुटुंबें येथें शेजारीं शेजारीं बसतात. कारण 1970 सालीं सिडकोची स्थापना होऊन वसूं लागलेल्या नवी मुंबईंत, मूळचे आगरी-कोळी सोडले, तर बहुतेकांचें गांव दुसरीकडेच. थैलींत नोट पडते. हल्लीं कोठें कोठें क्यू-आर कोडापुढें मोबाईलही धरला जातो. ‘दिलें, सुटलों’ अशी एक सूक्ष्म भावना त्या क्षणीं मनाला चाटून जाते. ख्रिस्ताच्या शिकवणीचा झगडा नेमका हिच्याशींच आहे.

मंदिराच्या भांडारासमोर बसून येशू लोकांचें दान पाहत होता, अशी कथा मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. श्रीमंतांनीं पुष्कळ टाकलें, एका दरिद्री विधवेनें दोन टोल्या टाकल्या, आणि त्यानें तिचेंच दान मोठें ठरविलें. त्यानें पडलेली रक्कम मोजली नाहीं; देणाऱ्यापाशीं काय उरलें तें मोजलें. दशांश काढणें त्यामानानें सोपें. एक भाग देवाचा, उरलेले नऊ आपले! विधवेपाशीं ते नऊ नव्हतेच.

हा हिशेब महाराष्ट्रांत प्रत्यक्ष मांडलेला पाहावयाचा तर घाट चढून पुण्यापलीकडे केडगांवास जावें. 1889 सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. खर्चाची हमी अमेरिकेंतील एका मंडळीनें घेतली होती, पण दहाच वर्षांपुरती. मुदत संपल्यावर कसें, या चिंतेनें बाईंनीं केडगांवीं शंभरएक एकर जमीन घेऊन फळबाग लाविली. कोणतीही दूरदर्शी गृहिणी करील तेंच त्यांनीं केलें.

तोंच 1896 सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. 1874 च्या सुमारास रमाबाईंनीं आपले आईबाप उपासमारीनें गेलेले पाहिले होते. भूक काय असते हें त्यांना कोणी सांगावयास नको होतें. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन परतल्या. तीनशें मुली आणावयाच्या, हा संकल्प. अमेरिकेचा पैसा या मुलींसाठीं नव्हता. पुण्यांत प्लेगची धास्ती. एवढ्या मुली शहरांत ठेवण्यास सरकारी अधिकाऱ्याची मनाई. तेव्हां उद्यांच्या आधारासाठीं राखलेल्या त्या बागेंतच राहुट्या-झोपड्या उभ्या राहिल्या. ‘मुक्ती’चा जन्म असा झाला.

येथें एक अप्रिय गोष्ट टाळून चालणार नाहीं. त्यापूर्वीं, 1893 सालीं, सदनांतील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यांत वादळ उठलें होतें. रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. आश्रयाच्या मोबदल्यांत धर्म मागितला जातो, असा तो आक्षेप. तो निव्वळ द्वेषाचा म्हणून झटकून टाकणें अन्यायाचें होईल. दान घेणारा दुर्बळ असतो. त्याच्या होकारास खरी संमति म्हणावें काय, हें प्रत्येक दात्यानें, मग तो कोणत्याही धर्माचा असो, स्वतःस विचारावयास हवें. उजव्या हाताचें दान डाव्यास कळूं नये, ही ख्रिस्ताची अट केवळ प्रसिद्धीपुरती नाहीं. परतफेडीच्या आशेलाही ती लागू आहे. बाईंच्या बाबतींत एवढें खरें कीं, दुष्काळांतल्या त्या मुली आणतांना परत मिळण्यासारखें कांहीं समोर नव्हतें. होता तो खर्च.

पुढें 1900 च्या गुजराथच्या दुष्काळानंतर केडगांवची वस्ती दीड हजारांवर गेली, तेव्हां आधीं वांचलेल्या मुलींनींच नव्यांना सांभाळलें. साध्यासुध्या बायकांना कळावें म्हणून बाईंनीं बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचें काम तेथील मुलीबायकांनीं उचललें. 1922 सालीं बाई वारल्या आणि 1924 सालीं संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला. विधवेच्या त्या दोन नाण्यांची गोष्टही त्यांच्याच हातांखालून गेली.